पाणी आणण्याआधीं पाणी नेण्याची वाट

शेतकीच्या मासिकांत माशांच्या कांचेच्या टाकीविषयींचा लेख पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु हल्लीं आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं मुलांनीं हौसेनें अशा टाक्या मांडल्या आहेत. आणि २०२० सालीं प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना सुरू झाल्यापासून शोभेचे मासे वाढविण्याकडे जोडधंदा म्हणून पाहणारे शेतकरीही आढळतात. हौस असो कीं धंदा असो, दोहोंत एक अडचण हटकून येते. ती अशी कीं, वरच्या टाकींतलें पाणी खालच्या टाकींत नीट उतरत नाहीं. या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यामुळें आमच्या हातून जें नुकसान झालें, तें दुसऱ्या कोणाच्या हातून होऊं नये, एवढ्याच हेतूनें हे चार शब्द लिहीत आहों.

ज्यांनीं ही रचना पाहिली नसेल त्यांच्यासाठीं ती प्रथम थोडक्यांत सांगतों. वर मासे असलेली कांचेची टाकी असते व तिच्या खालीं, घडवंचीच्या पोटांत, दुसरी लहान टाकी असते. या खालच्या टाकीस दुकानदार 'संप' म्हणतात. वरच्या टाकीच्या एका कोपऱ्यांत कांचेच्या पट्ट्या उभ्या लावून एक अरुंद कप्पा केलेला असतो. तलावाच्या सांडव्यावरून पाणी जसें पडतें, तसें तें या कप्प्याच्या कांठावरून आंत पडतें आणि तळाच्या भोंकास लावलेल्या नळीनें खालीं जातें. खालच्या टाकींत तें स्पंजांतून व खड्यांच्या थरांतून गाळलें जातें. तेथें वाढणारे सूक्ष्म जंतु माशांपासून निघणाऱ्या विषारी अमोनियाचें आधीं नायट्राइट व मग नायट्रेट करितात; शेणखत घातलेल्या जमिनींत नत्राचें जें होतें, तेंच येथेंही होतें. असें शुद्ध झालेलें पाणी पंप पुन्हां वर चढवितो. वर चढणाऱ्या पाण्यामागें विजेचा जोर असतो. खालीं उतरणाऱ्या पाण्यास मात्र स्वतःच्या वजनावांचून दुसरा आधार नसतो. सर्व घोटाळ्याचें मूळ या एका फरकांत आहे.

आतां आमची हकीकत. महसूल खात्यांतील कारकुनींतून आम्ही निवृत्त झालों, त्याच वर्षीं धाकट्या चिरंजीवांनीं घरांत ४ फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी टाकी आणली. तिच्यांत ९ घनफूट, म्हणजे सुमारें अडीचशें लिटर पाणी मावत असे. पाणी उतरण्यास एकच २५ मिलिमीटरची नळी होती व तिला तीन एल्बो होते. कांहीं दिवसांनीं पाणी गढूळ दिसूं लागलें. प्रवाह मंद आहे, मोठा पंप बसवा, असा सल्ला मिळाला आणि आम्हीं तो मानला. पंप मोठा झाला. नळी तीच राहिली. त्या दिवसापासून नळी रात्रभर घुरघुरूं लागली आणि सांडव्यावर पाणी पूर्वींपेक्षां इंचभर अधिक उभें राहूं लागलें. ही पाण्याची तक्रार होती. परंतु जन्मभर लोकांच्या तक्रारी वाचूनही आम्हांस ती वाचतां आली नाहीं.

वैशाखांतल्या एका रात्रीं, पाणवनस्पतींबरोबर आलेली एक गोगलगाय नळीच्या तोंडांत अडकली. नळी तुंबली, पंप चालूच राहिला. वरची टाकी भरून कांठावरून वाहिली, खालची कोरडी पडली व पंप जळाला. उकाड्यामुळें पाण्यांत प्राणवायु आधींच कमी, त्यांत पाण्याची हालचाल थांबली. नऊ गोल्डफिशपैकीं सहा दुसऱ्या दिवशीं सायंकाळपर्यंत मेले. टाकीशेजारच्या कपाटाच्या खालच्या खणांत आमचें दप्तर होतें. त्यांत शेजारच्या दोघां भावांचें जुनें वाटपपत्र होतें. आम्ही कागदपत्रांतलें जाणतों, म्हणून त्यांनीं तें विश्वासानें आमच्यापाशीं ठेविलें होतें, व त्याची दुसरी प्रत कोठेंही नव्हती. बांधाचीं मापें ज्या ओळींत होतीं, नेमकी त्याच ओळींची शाई पसरली. दोघां भावांनीं मोठ्या मनानें शेतावर जाऊन मापें पुन्हां घेतलीं व कागद नव्यानें लिहून काढिला, म्हणून वाद टळला. भाऊ तसे नसते, तर एका गोगलगाईपायीं दोन घरें कोर्टाची पायरी चढलीं असतीं, आणि बोल आमच्याकडे आला असता.

दोष गोगलगाईचा नव्हता व पंपाचाही नव्हता. पाणी आणण्याचें साधन आम्हीं वाढविलें आणि पाणी नेण्याची वाट होती तशीच ठेविली, हाच दोष होता. हें आम्हांस तरी कळावयास हवें होतें. कारण हीच चूक हजारों एकरांवर झालेली सर्वांच्या डोळ्यांपुढें आहे. कृष्णाकांठच्या शिरोळ, वाळवें यांसारख्या तालुक्यांत उसास पाणी भरपूर आलें. निचऱ्याचे चर मात्र त्या मानानें झाले नाहींत. पुष्कळ जागीं जमीन पाणथळ होऊन क्षार वर आले, आणि उत्तम काळी जमीन कागदोपत्रीं बागायत व प्रत्यक्षांत पोटखराब होऊन बसली. आतां तेथें जमिनींत सच्छिद्र नळ्या पुरून निचरा करण्याचा खर्च मागाहून सोसावा लागत आहे. तोच खर्च आधीं केला असता तर पीकही गेलें नसतें.

म्हणून आमचें मत स्पष्ट आहे. टाकीवर जो पैसा खर्चावयाचा, त्यांतला पहिला रुपया उतरणाऱ्या नळीवर खर्चावा. पंपाचा विचार त्यानंतर. नळी जेवढें पाणी सहज नेईल, तेवढाच पंप घ्यावा. हें कसें साधावें, तें आमच्या अनुभवानें व मागाहून मिळविलेल्या माहितीनें सांगतों.

प्रथम मोजमाप. गोड्या पाण्याच्या घरगुती टाकींतलें पाणी तासांत चार वेळां फिरलें तर सामान्यतः पुरतें; म्हणजे आमच्या टाकीस तासाला सुमारें १,००० लिटर. पंपाच्या खोक्यावर छापलेला आंकडा शून्य उंचीचा असतो. मोटारीचें 'हेड' जाणणाऱ्या शेतकऱ्यास हें अधिक सांगावयास नको. खरा प्रवाह बादलीनें मोजावा. १५ लिटरची बादली ५४ सेकंदांत भरली, तर तासाला १,००० लिटर झाले असें समजावें.

दुसरी गोष्ट सांडव्याची. एक फूट रुंदीच्या मोकळ्या कांठावरून अर्धा इंच जाडीचा थर वाहत असेल, तर तासाला पावणेतीन हजार लिटरांहून अधिक पाणी जातें. म्हणजे घरगुती टाकींत सांडवा सहसा कमी पडत नाहीं. तरीही तो जितका रुंद तितका चांगला. कारण थर पातळ राहतो व पृष्ठभागावरची तेलकट साय त्याबरोबर निघून जाते. मासे आंत जाऊं नयेत म्हणून कांठास दांते ठेवतात. दांत्यांनीं जेवढी रुंदी अडते तेवढी वजा धरावी.

तिसरी गोष्ट नळीच्या पोकळीची, आणि येथेंच बहुतेकांची फसगत होते. शेतीसाठीं मिळणारी पीव्हीसी नळी २५ मिलिमीटरची म्हटली, म्हणजे तो तिचा बाहेरचा व्यास असतो. आंतली पोकळी त्याहून कमी. टाकीच्या भोंकांत जें टँक निपल बसवितात, त्याची पोकळी कधीं कधीं नळीहूनही कमी असते. पाणी जातें तें सर्वांत अरुंद जागेच्या हिशोबानें. नळीचा आंतला व्यास दुप्पट केला तर तिचा छेद चौपट होतो. पण त्याच उतारावर भरून वाहणारें पाणी पांचपटींहूनही अधिक होतें, कारण नळीच्या भिंतीचें घर्षण त्या मानानें कमी पडतें. उलट, तेंच भोंक ठेवून वर पाण्याची उंची वाढवून प्रवाह दुप्पट करावयाचा, तर उंची चौपट करावी लागते. इंच दोन इंच मोकळ्या जागेंत हें कसें साधणार? मोठा पंप लावल्यावर आमच्या टाकींत पाणी वर चढत गेलें, तें यामुळेंच.

चौथी गोष्ट वळणांची. काटकोनांत वळणारा एक एल्बो, नळीच्या व्यासाच्या सुमारें तीसपट लांबीच्या सरळ नळीइतका अडथळा करितो. २५ मिलिमीटरच्या नळींत एक एल्बो म्हणजे जवळजवळ अडीच फूट नळी अधिक घातल्यासारखें होतें. आमच्या तीन एल्बोंनीं तीन फुटांच्या नळीची दहा फूट केली होती! एल्बोऐवजीं लांब वळणाचा बेंड वापरावा आणि तोही शक्य तितका कमी. लवचिक नळी झोळीसारखी लोंबूं देऊं नये. तिच्या उंचवट्यांत हवा अडकते व खोलगट भागांत गाळ सांचतो. नळीचें खालचें तोंड संपाच्या पाण्यांत इंचाहून अधिक बुडवूं नये. नाहीं तर नळींतली हवा बाहेर पडण्यास वाट राहत नाहीं.

पांचवी गोष्ट हवेची. नळी घुरघुरते, ती पाण्याबरोबर हवाही गिळते म्हणून. नळीचा पुष्कळसा भाग हवेनें भरला, म्हणजे पाण्यास जागा उरत नाहीं. यावर दोन उपाय आहेत. पहिला ड्युर्सो नळीचा. यांत उभ्या नळीच्या वरच्या टोकास टी बसवून, तिच्या बाजूस जोडलेलें एल्बोचें तोंड पाण्याखालीं वळवितात, आणि माथ्यावरच्या टोपणास बारीक भोंक ठेवितात. हवा भोंकांतून शांतपणें येते व आवाज थांबतो. परंतु नळी अर्धवटच भरून वाहते. दुसरा उपाय पूर्ण सायफनचा. नळीवर, शक्य तितक्या खालीं, एक व्हॉल्व्ह बसवावा. तो हळूहळू बंद करीत गेलें, म्हणजे कप्प्यांतलें पाणी नळीच्या तोंडावर चढतें, हवा आंत जाण्याचें थांबतें, आणि नळी तोंडापासून बुडापर्यंत पाण्यानें भरून वाहूं लागते. सरींत पाणी घेण्यासाठीं सायफन नळ्या वापरणाऱ्यांस यांतलें मर्म ठाऊकच आहे. सबंध स्तंभाचें वजन पाणी ओढतें. त्यामुळें एक इंच पोकळीची नळी अडीच फुटांच्या उतारावर तासाला ३,००० लिटरांच्या आसपास पाणी मुकाट्यानें नेते. बॉल व्हॉल्व्हपेक्षां गेट व्हॉल्व्ह घ्यावा. त्यानें प्रवाह बारकाईनें जुळवितां येतो.

सहावी गोष्ट आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतों. वाट एक नसावी, दोन असाव्या. सायफनच्या नळीशेजारीं दुसरी नळी उभी करावी व तिचें तोंड नेहमींच्या पातळीच्या किंचित् वर ठेवावें. एरवीं ती कोरडी राहते, किंवा तिच्यांतून धारभर पाणी जातें. पहिली नळी तुंबली तर सगळा भार ती उचलते. तिला व्हॉल्व्ह किंवा बारीक जाळी बसवूं नये, आणि पंपाचें सर्व पाणी एकटीनें नेण्याइतकी ती रुंद असावी. परदेशांतील हौशी लोक दोन नळ्यांच्या या मांडणीस 'हर्बी' म्हणतात. तीन नळ्यांची 'बीन ॲनिमल' नांवाची मांडणी याहूनही निर्धोक आहे. तींत एक नळी सायफनची, एक जास्तीच्या धारेची व एक केवळ संकटाची असते.

भोंकें टाकी मांडण्यापूर्वींच पाडून घ्यावीं. टफन केलेल्या कांचेस भोंक पाडतां येत नाहीं. तिचे तत्काळ तुकडे होतात. सबब कारागिरानें आधीं कांच पारखून घ्यावी. भोंक टाळण्यासाठीं कांठावर टांगावयाचे, वांकड्या नळीचे कप्पे मिळतात. त्यांतली हवा निघाली नाहीं, किंवा वीज जाऊन आल्यावर सायफन पुन्हां धरला नाहीं, तर घरांत पूर आलाच म्हणून समजावें. आम्ही त्यांची शिफारस करीत नाहीं.

आतां खालच्या टाकीविषयीं. वीज जाण्याची संवय आपणां खेडेगांवच्या लोकांस पुरती आहे. पंप थांबला कीं सांडव्यावरचें व नळ्यांतलें सर्व पाणी खालीं येतें. आमच्या टाकीचा पृष्ठभाग ६ चौरस फूट आहे. म्हणजे पाण्याचा प्रत्येक इंच सुमारें १४ लिटर. पंपाच्या नळीचें वरचें तोंड ४ इंच बुडालेलें असेल, तर तीच नळी उलटा सायफन होऊन ५६ लिटर पाणी खालीं आणील. संपांत तेवढी जागा रिकामी ठेवावी. शिवाय त्या नळीस पाण्याच्या पातळीच्या अगदीं लगत, किंचित् खालीं, एक बारीक भोंक पाडावें. पातळी भोंकाखालीं गेली कीं हवा शिरून सायफन तुटतो. हें भोंक शेवाळानें बुजतें. तें काडीनें साफ ठेवावें.

याच्या उलट बाजूचाही हिशोब करावा. ज्या कप्प्यांत पंप बसतो, त्यांत इतकेंच पाणी असावें कीं, तें सगळें वर गेलें तरी वरची टाकी सांडूं नये. आमच्या टाकीस कांठापर्यंत दीड इंच मोकळी जागा आहे. म्हणजे २१ लिटरांची सवड. पंपाच्या कप्प्यांत त्याहून कमी पाणी ठेविलें असतें, तर त्या रात्रीं पंप जळाला असता, पण वाटपपत्र कोरडें राहिलें असतें.

सर्व जुळविल्यावर, मासे सोडण्यापूर्वीं, दोन परीक्षा घ्याव्या. एकदां पंप बंद करून खालची टाकी सांडते काय तें पाहावें. मग पंप चालू ठेवून सायफनच्या नळीचें तोंड हातानें बंद करावें, आणि दुसरी नळी एकटीनें भार घेते काय तें पाहावें. जें संकट रात्रीं येणार, तें दिवसा आपल्या डोळ्यांदेखत आणून पाहिलेलें बरें.

यावर कोणी म्हणतील, एवढ्या खटाटोपापेक्षां पंपच मंद करावा. एका रात्रीपुरता हा उपाय ठीक आहे. परंतु पाणी फिरलें नाहीं तर शुद्धही होत नाहीं, आणि गोगलगाय मंद प्रवाहांतही अडकते. दुसरे म्हणतील, एकच मोठी नळी घातली म्हणजे झालें. मोठी नळी घालावीच. पण कितीही मोठ्या नळीचें तोंड एका पानानें किंवा मेलेल्या माशानें झांकतें. दोन नळ्यांस खर्च अधिक येतो, हेंही खरें. तो खर्च भोंक, निपल आणि थोड्या फूट नळीचा आहे. त्याच्या उलट बाजूस जळालेला पंप, मेलेले मासे व भिजलेलें घर मांडून वाचकांनींच बेरीज करावी. ज्यांनीं धंदा म्हणून मळ्यांत दहावीस टाक्या ओळीनें मांडल्या आहेत, त्यांच्या बाबतींत ही बेरीज त्याच पटीनें वाढते.

आमच्या घरीं आतां दोन नळ्या आहेत, पंप पूर्वींचाच लहान आहे आणि पाणी स्वच्छ आहे. पानें व गोगलगाई अडविण्यासाठीं सांडव्यावर रुंद जाळी बसविली आहे व ती दर रविवारीं धुतों. कपाटाचा खालचा खण रिकामा ठेविला आहे. उरलेले तीन मासे चांगले पोसले आहेत. चिरंजीव म्हणतात, टाकी चालू आहे कीं बंद, हें आवाजावरून कळत नाहीं. आमच्या मतें हीच तिची प्रकृति बरी असल्याची खूण आहे.

ज्या वाचकांच्या घरीं अशी टाकी असेल, त्यांनीं आज रात्रीं दिवे मालविल्यावर घटकाभर नळीचा आवाज ऐकावा. ती घुरघुरत असेल तर मोठ्या पंपाच्या दुकानीं जाऊं नये. आणि ज्यांच्या घरीं टाकी नाहीं, त्यांनीं उद्यां सकाळीं उसाला पाणी सोडण्यापूर्वीं शेताच्या खालच्या अंगाचा चर एकदां पाहून यावा.